यापूर्वी ही चाचणी दिली आहे का

घड्याळबाई त्या बाकावर बसली तेव्हा पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की हा बाक फार अरुंद आहे. एकतीस वर्षं ती या बाकासमोरच्या दारामागे बसत आली होती. आत मूल, टेबलावर तिचं स्टॉपवॉच, आणि बाहेर या बाकावर आईबाप. ती दार उघडून बाहेर आली की आईबाप ताडकन उभे राहायचे. तिला वाटायचं, काळजीपोटी उभे राहतात बिचारे. आज कळलं, की त्यातले निम्मे तरी पाठीला रग लागली म्हणून उभे राहत असणार.

घड्याळबाई हे नाव मुलांनीच ठेवलेलं. गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच अडकवून ती मुलांची बुद्धी मोजायची, मग दुसरं काय नाव ठेवणार? मागच्या वर्षी ती निवृत्त झाली, खोली तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीकडे गेली, आणि दवाखान्यातले लोक त्या मुलीला धाकट्या मॅडम म्हणू लागले. आज धाकट्या मॅडम आत होत्या आणि त्यांच्यासमोर टेबलापलीकडे बसला होता घड्याळबाईचा नवरा. वय वर्षं अठ्ठावन्न, धंदा सरकारी लिफ्ट तपासनिसाचा.

तपासनिसाला इथे यायचं नव्हतं. त्याच्या साहेबांनी फार गोडीगुलाबीनं, पण लेखी कळवलं होतं, की निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, ती सुखानं काढा, फक्त त्याआधी डोकं तपासल्याचा एक कागद आणून द्या. कारणं दोन होती. डोळ्यांच्या रुग्णालयातली लिफ्ट तपासायला म्हणून त्यानं बंद केली, दाराला 'तपासणी चालू' अशी पाटी लावली, आणि तसाच घरी येऊन जेवून झोपला. डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं दुपारभर जिना चढत-उतरत होती. दुसरं कारण जास्त वाईट होतं. एका सहा मजली इमारतीच्या लिफ्टला त्यानं वजनं न चढवताच दाखला दिला. लिफ्टमध्ये लोखंडी लाद्या रचून, भार पुरा करून ब्रेक धरतो की नाही ते पाहायचं, ही त्याच्या धंद्यातली मूळ गोष्ट. लाद्या तळमजल्यावर होत्या तशाच राहिल्या आणि कागदावर सही झाली. चौकीदाराच्या लक्षात आलं म्हणून बरं.

घरी त्याचं म्हणणं असं, की चूक कोणाची होत नाही? आणि आपल्या डोक्याबद्दल शंका घेणाऱ्यांनी आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं. एवढं बोलून तो पाकिटातून ते कार्ड काढायचा.

त्या कार्डाबद्दल सांगायला हवं. शंभर माणसं बुद्धीच्या क्रमानं उभी केली तर जे पहिले दोन येतील, अशांचं एक मंडळ होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांची लेखी परीक्षा देऊन तपासनीस त्यात गेला, आणि तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या माडीवर त्यांच्या बैठकीला जायचा. घड्याळबाई त्यांना दोन टक्केवाले म्हणायची. तिला त्यांचा राग नव्हता. चांगली माणसं होती, फक्त ऐकून घेणारं कुणी मिळालं नाही म्हणून एकत्र आलेली. पण साध्या गोष्टीला सरळ हात घालणं त्यांना जमायचं नाही. एकदा माडीवरचा पंखा बंद पडला तेव्हा पाऊण तास त्याच्या कारणांची चर्चा झाली, आणि शेवटी चहा घेऊन आलेल्या माणसानं बटण दाबलं.

ती स्वतः त्या मंडळात नव्हती. असणं शक्यच नव्हतं. तिचा बुद्ध्यांक किती, ते कुणालाच काढता आलं नसतं, कारण सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं तिला पाठ होती. लोक विचारायचे तेव्हा ती हसत सांगायची, की अख्ख्या गावात माझ्या एकटीचाच आकडा निघत नाही.

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. तसा आणखी एक माणूस होता, आणि तो आत्ता आत बसला होता.

चौतीस वर्षांपूर्वी, लग्न नुकतंच झालेलं असताना, ती हे काम शिकत होती. शिकताना चाचणी कुणावर तरी घेऊन हात बसवावा लागतो. सूचना शब्दन् शब्द पाठ हव्यात, घड्याळ चालू करताना मान खाली जाता कामा नये, उत्तर चुकलं तरी कपाळावर आठी दिसता कामा नये. एवढा सराव करायला माणूस कुठून आणणार? घरात एक आयताच होता. त्यांच्या खोलीत तेव्हा टेबलही नव्हतं. दोन बादल्या पालथ्या घालून त्यावर त्याचा कॉलेजातला ड्रॉइंग बोर्ड ठेवायचा, त्या बोर्डावर लाल-पांढरे नऊ ठोकळे मांडायचे, आणि संध्याकाळी दोघांनी दोन बाजूंना मांडी घालून बसायचं.

निरनिराळ्या वयाच्या माणसांची सवय व्हावी म्हणून तो सोंगं आणायचा. कधी हट्टी पोरगा व्हायचा आणि ठोकळे तोंडात घालायचा. कधी बोलकी मावशी व्हायचा आणि प्रत्येक प्रश्नावर तिलाच उलट प्रश्न विचारायचा. 'धाडस म्हणजे काय' असं विचारलं की म्हणायचा, तुझ्याशी लग्न करणं. या उत्तराला किती गुण द्यायचे ते पुस्तकात नव्हतं. आणि एकदा तो ऐंशी वर्षांचा आजोबा झाला होता. मान हलवत, बोट नाचवत विचारत होता, बाई, मी कुठे आलोय, आणि तुम्ही कोण? ती इतकी हसली की बादली कलंडून ठोकळे खोलीभर गेले. असं सगळं मिळून एकोणीस वेळा झालं. विसावी खेप तिनं खऱ्या परीक्षकांसमोर दुसऱ्या माणसावर घेतली आणि पास झाली.

चाचणी तीच होती. परदेशात तिच्या तीन नव्या आवृत्त्या येऊन गेल्या, पण आपल्या भाषेतली नवी मानकं तयार करायची म्हणजे हजारो माणसं तपासायला हवीत, आणि ते काम समितीसमोर दहा वर्षं पडून होतं. समितीला स्मरणपत्रं पाठवून पाठवून घड्याळबाईच थकली. तेच ठोकळे, तेच आकडे, तेच शब्द. रंग उडाला म्हणून ठोकळे तेवढे एकदा बदलले होते.

आता प्रश्न असा, की हे सगळं माहीत असून ती बाकावर गप्प का बसली होती? ती स्वतःला सांगत होती, की नियम आहे. जवळच्या नातेवाइकानं परीक्षकाच्या कामात तोंड घालायचं नाही. हा नियम तिनंच या दवाखान्यात आणला होता. शिवाय पहिल्या कागदावर सरळ प्रश्न असतो, 'यापूर्वी ही चाचणी दिली आहे का?' त्यापुढे 'हो' लिहिलं, की परीक्षक कपाटातला दुसरा संच काढतो. त्याला वेळ जास्त लागतो, पण उत्तर मिळतं. तो 'हो' लिहील, धाकट्या मॅडम दुसरा संच काढतील, आपण मध्ये पडायची गरज नाही. असं तिनं मनाशी धरलं होतं. सकाळी चहा घेताना आठवण करून द्यावी असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा तिनं साखरेचा डबा उगाच उघडून बंद केला.

दारामागून ठोकळ्यांचा आवाज आला. लाकडावर लाकूड, टक टक. म्हणजे दुसरा संच नाही.

तिनं डोळे मिटले आणि सवयीनं मोजायला लागली. शेवटची आकृती सगळ्यात अवघड असते, रेघा तिरक्या जातात, मोठमोठे इंजिनिअर तिथे घाम पुसतात. टक टक सुरू झाली आणि अडतीस आकड्यांत थांबली. ऐन चोविशीत त्याला एक्केचाळीस सेकंद लागायचे.

धाकट्या मॅडम बाहेर आल्या त्या आनंदातच. घड्याळबाई उठून उभी राहिली, अगदी आईबाप राहायचे तशी. गुण अजून पक्के मांडायचे होते, तरी अंदाज एकशे एकतीसचा होता, आणि काका काय विनोदी आहेत, दोनदा माझं नाव विचारलं आणि दोन्ही वेळा माझीच फिरकी घेतली. अहवाल सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या ऑफिसला जाईल, काही काळजी करू नका, असं सांगून त्यांनी कागद तिच्या हातात दिले. नातेवाइकाला द्यायचे नसतात, पण गुरू म्हणून दिले.

घड्याळबाईनं आकड्यांकडे पाहिलं नाही. पहिला कागद पाहिला. नाव, वय, शिक्षण, आणि खाली तो प्रश्न. त्याच्यापुढे तपासनिसाच्या सुबक, उभ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'.

तिनं कागद परत दिले आणि छान झालं असं म्हणाली. म्हणाली एवढंच, आणि त्या शब्दांची तिला लाज वाटली.

घरी परत येताना तो शीळ घालत होता. ती त्याच्याकडे चोरून पाहत होती. दोनच गोष्टी शक्य होत्या. एक म्हणजे तो खोटं बोलला. नोकरी वाचावी म्हणून जाणूनबुजून 'नाही' लिहिलं, पाठ असलेली उत्तरं घडाघडा दिली, आणि आता साळसूदपणे शीळ घालतोय. तसं असेल तर त्याचं डोकं ठणठणीत आहे. इतका मागचा-पुढचा विचार आजारी माणसाला सुचत नाही. दुसरी शक्यता, की त्यानं खरं लिहिलं. त्याला जे वाटलं तेच लिहिलं.

शुक्रवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंत घड्याळबाई, आपला नवरा खोटारडा निघावा म्हणून, देव पाण्यात घालून बसली. चौतीस वर्षांच्या संसारात त्यानं कधी थाप मारली असेल त्या सगळ्या थापा तिनं आठवून पाहिल्या. बहिणीच्या घरी जायचं टाळायला पोटदुखीचं सोंग केलं होतं. महागाची छत्री हरवली तेव्हा चोरीला गेली म्हणाला होता. या जमा रकमेवर फार काही उभं राहत नव्हतं, पण माणूस अगदीच हरिश्चंद्र नाही एवढा धीर तिला आला.

विचारायचं धैर्य मात्र होईना. विचारलं की उत्तर मिळणार. इतकी वर्षं लोकांच्या पोरांबद्दल आकडे सांगताना ती म्हणायची, चाचणी फक्त एवढंच सांगते, की त्या दिवशी, त्या खोलीत, त्या टेबलावर काय झालं. बाकीचं तुम्ही घरी पाहा. किती जणांना सांगितलं असेल. कुणी ऐकायचं नाही. एक बाप तर मुलाचा आकडा चौकटीत घालून दिवाणखान्यात लावणार होता, आणि दोन गुण वाढवून मिळतील का म्हणून विचारत होता. आणि तरी त्या आकड्यांचा तिला अभिमान होता. मठ्ठ म्हणून शेवटच्या बाकावर टाकलेली नऊ वर्षांची एक मुलगी तिच्याकडे आली होती. ठोकळ्यांत पुढे आणि शब्दांत कितीतरी मागे. त्या तफावतीवरून घड्याळबाईनं तिला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मुलीला ऐकूच येत नव्हतं. आज ती मुलगी नकाशे काढते. चाचणीमुळे एक आयुष्य वाचलं हे जेवढं खरं होतं, तेवढंच हेही खरं होतं, की तिच्या स्वतःच्या घरात ती चाचणी निकामी होती, आणि निकामी तिनंच केली होती. बाकीचं घरी पाहायचं म्हटलं, तर घरी रोज दिसत होतंच.

दिसत होतं ते असं, की एखादा शब्द सापडेना झाला की तो त्याचं कोडं करायचा. 'चार अक्षरी, टोपीही म्हणता येत नाही आणि छप्परही म्हणता येत नाही, पावसात उघडते, ओळख.' पहिले काही महिने ती ओळखायची आणि हसायची. मग तिच्या लक्षात आलं, की छत्री चार अक्षरी नाही.

रविवारी ती त्याच्याबरोबर बैठकीला गेली. एरवी जायची नाही, पण त्याला एकटं सोडवेना. दोन टक्केवाले पंधरा-सोळा जण जमले होते. अध्यक्ष दंतवैद्य होते. त्यांनी चहाबरोबर बातमी दिली, की आपल्या तपासनिसांनी परवाच्या चाचणीत एकशे एकतीस मिळवले आणि सरकारला तोंडघशी पाडलं. टाळ्या झाल्या. तपासनिसानं उठून कोपरापासून नमस्कार केला, आणि म्हणाला, या आनंदात एक नवीन कोडं घालतो.

कोडं त्याचंच होतं, लिफ्टचं. लिफ्टमध्ये आठ माणसांची परवानगी आहे. तळमजल्यावर आठ प्रवासी चढले, पहिल्या मजल्यावर दोन उतरले, तिसऱ्यावर तीन चढले, असं करत करत सांगा, आता लिफ्ट कुठे आहे? सगळे बेरजा-वजाबाक्या करत बसतात. उत्तर असं, की लिफ्टमनला धरून सुरुवातीलाच नऊ झाले, घंटी वाजली, लिफ्ट तळमजल्यावरून हललीच नाही. गमतीदार कोडं होतं. मागच्या महिन्यात त्यानं हेच घातलं होतं. त्याआधीच्या महिन्यातही हेच. आज प्रवासी आठ म्हणायच्या ऐवजी तो सहा म्हणाला. आणि सहा प्रवाशांनी घंटी वाजत नाही.

घड्याळबाईनं चहाचा कप खाली ठेवला. आता कुणीतरी म्हणेल, आणि बरंच होईल, असं तिला वाटलं.

पण ते दोन टक्केवाले होते. दंतवैद्य हळूहळू हसायला लागले. एकच कोडं तीनदा, आणि तिसऱ्यांदा आकडा बदललेला. आठ, आठ, सहा. हा उगाच केलेला बदल असणार नाही, असं म्हणत ते फळ्याकडे गेले. दुसऱ्या कुणी तारखांचा संबंध लावला. तिसऱ्यानं सांगितलं, की दोन माणसं कमी म्हणजे शंभरातले दोन, म्हणजे हे आपल्या मंडळावरच आहे. अर्ध्या तासात फळा भरला. मधोमध तपासनीस उभा होता, कुणी काही विचारलं की भुवया उडवून 'शोधा, शोधा' म्हणत होता, आणि ते आणखी खूश होत होते. त्याच्या एका हाताची बोटं खिशाच्या कडेला घट्ट धरलेली होती. ते घड्याळबाईलाच दिसलं.

आणखी एकाला दिसलं. मंडळात एक निवृत्त बस कंडक्टर होता, मागे बसून फार न बोलणारा. तो कप गोळा करायच्या निमित्तानं तिच्याजवळ आला.

"वहिनी, साहेबांना बरं नाहीये का?"

तिनं खाली ठेवलेला कप उचलून त्याच्या हातात दिला. कंडक्टरनं मान हलवली. तो एवढंच म्हणाला, की बसमध्ये रोजची माणसं कळतात. एखादा रोज उतरायचा तो स्टॉप आला तरी बाहेर बघत बसलेला असतो, आणि आपण नाव घेतलं की म्हणतो, मला आज पुढेच जायचंय.

घरी आल्यावर तिनं चहाही ठेवला नाही. दुपारचे दोन वाजले होते, ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. तो बूट काढत होता.

"अहो, एक विचारू? शुक्रवारी कागदावर तुम्ही 'नाही' लिहिलंत. खोटं लिहिलंत ना?"

त्यानं मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं, साळसूद हसू आलं.

"पकडलंस म्हणायचं," तो म्हणाला. "खोटंच लिहिलं. नोकरी वाचवायला नको?"

तिला इतकं हलकं वाटलं, की तिनं भिंतीला हात लावला. हसूही आलं आणि रडूही. लबाड माणूस, तीन दिवस माझा जीव टांगणीला लावलात, असं ती त्याला बोलली, आणि बोलता बोलता जुन्या दिवसांत शिरली. त्या सरावाच्या संध्याकाळी. तुमची सोंगं. तोही हसत होता, हो हो म्हणत होता. मग तिला वाटलं, त्याच्या तोंडून ऐकावं. निव्वळ ऐकायला बरं वाटतं म्हणून तिनं विचारलं. परीक्षक म्हणून विचारलंच नव्हतं.

"ठोकळे कशावर मांडायचो आपण, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? टेबलावर. खिडकीजवळच्या."

उत्तर चोख होतं. ठोकळे टेबलावरच मांडतात, टेबल खिडकीजवळच असतं. न पाहिलेल्या खोलीबद्दल कुणाही हुशार माणसानं हेच सांगितलं असतं. एकतीस वर्षं कपाळावर आठी न आणण्याची सवय असलेल्या घड्याळबाईनं आत्ताही आणली नाही. पण तो समोर बसलेला माणूस तिला चौतीस वर्षं वाचत आला होता.

"चुकलं का?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला वाटलंच." तो हातातल्या बुटाची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिला. "तुझ्या चेहऱ्यावरून वाटलं, तुला 'हो' हवंय. म्हणून हो म्हटलं."

म्हणजे शुक्रवारी खरंच पहिल्यांदा पाहिलेत ते ठोकळे, असं तिनं विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. पहिल्यांदाच, तो म्हणाला. पण हाताला सोपे गेले. त्याचं त्यालाच नवल वाटलं होतं. त्या मुलीनं आकृती समोर ठेवली की हात आपोआप चालायचे, आणि त्याला वाटलं, अजून आपल्यात काहीतरी शाबूत आहे. फार बरं वाटलं, असं तो म्हणाला. किती तरी दिवसांनी बरं वाटलं.

ती त्याच्याजवळ खाली बसली. मग कशावर मांडायचो, असं त्यानं विचारलं, आणि तिनं सांगितलं. दोन बादल्या, ड्रॉइंग बोर्ड, तोंडात घातलेले ठोकळे, बोलकी मावशी, धाडस म्हणजे तुझ्याशी लग्न. यावर तो खळखळून हसला. चांगला होता की हा माणूस, म्हणाला. ऐंशी वर्षांच्या आजोबाचं मात्र तिनं सांगितलं नाही. ऐकताना तो मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता. बादल्या घसरायच्या नाहीत का, बोर्ड केवढा होता. बारकावे त्याला नेहमीच लागायचे. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसा तो ऐकत होता, आणि तिला वाटत राहिलं, की इथून पुढे त्या संध्याकाळी एकटीनं सांभाळायच्या आहेत. त्या विचारानंच ती दमली.

सोमवारी तो सातलाच उठला. दाढी केली, खाकी शर्टाच्या खिशात टॉर्च अडकवला. आज दोन लिफ्ट आहेत, म्हणाला, एक प्रसूतिगृहातली. घड्याळबाईनं ते ऐकलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजले होते, आणि अहवाल दहाला जायचा होता. तिनं दवाखान्यात फोन लावला. तो समोरच होता. त्याच्यापासून लपून करावा असं तिला क्षणभर वाटलं होतं, पण तेवढं तिच्यानं झालं नाही.

धाकट्या मॅडमनी फोन उचलला. घड्याळबाईनं सांगितलं, अहवाल थांबव. त्यांनी ही चाचणी आधी दिलेली आहे. माझ्याकडेच. एकोणीस वेळा.

मग धाकट्या मॅडमनी विचारलं, की मॅडम, पण मग काकांनी 'नाही' का लिहिलं?

"कारण त्यांना तसंच वाटतं," ती म्हणाली.

फोन कानाला धरून ती तशीच उभी राहिली. तपासनीस दाराशी बूट घालत होता. त्यानं विचारलं, "कुणाचं चाललंय?"

"तुमचं."

त्यानं मान हलवली. बूट पायात अर्धाच घातलेला होता, तो त्यानं परत काढला आणि भिंतीकडेला नीट ठेवला. शर्टाच्या खिशातला टॉर्च काढला, चालू करून पाहिला, बंद केला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"मग त्या लाद्यांचंही सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी मी वजनं चढवली होती की नव्हती, मला अजून आठवत नाही. कुणाला बोललो नाही."

तिनं ते फोनवर सांगितलं. धाकट्या मॅडम लिहून घेत होत्या, म्हणून तिनं सावकाश, शब्दन् शब्द सांगितलं.